लांबलचक हिवाळ्यात मनाची तब्येत कशी सांभाळता?

शेवंती | १६ नोव्हेंबर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आम्ही स्टॉकहोमच्या किस्ता भागात राहतो. नवऱ्याची नोकरी इथे, मुलगा पाच वर्षांचा, मी सध्या घरीच. हा आमचा दुसरा हिवाळा. पहिला नवलाईत गेला. बर्फ, घराघरांच्या खिडक्यांत लावलेल्या कागदी चांदण्या, फोटो काढून सगळ्यांना पाठवणं. यंदा मात्र ऑक्टोबर संपल्यापासून काही खरं नाही. साडेतीनच्या आत सूर्य मावळतो. डिसेंबरात तर पावणेतीनलाच खेळ खल्लास.

दुःख वगैरे काही नाही हो. रडूही येत नाही. पण नऊ-दहा तास झोपूनही अंग उठत नाही, दिवसभर ब्रेड-बिस्किटं-भात असलंच खावंसं वाटतं, हौसेने आणलेलं विणकाम तसंच पडलंय, कुणाला फोन करायचाही कंटाळा येतो. आणि जेव्हा करावासा वाटतो तेव्हा इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे रात्रीचे साडेअकरा. सगळे झोपलेले. आईला एकदा सांगून पाहिलं, तर म्हणाली, "अगं, लोक पैसे मोजून बर्फ बघायला जातात!" पुढे काही बोलले नाही.

हे सगळ्यांचंच होतं का? डॉक्टरकडे जाण्याइतकं आहे का? ते उजेडाचे दिवे मिळतात ते खरंच उपयोगी आहेत की नुसतं फॅड? जे वर्षानुवर्षं अशा ठिकाणी राहताहेत त्यांनी सांगा.

चकलीसम्राट | १६ नोव्हेंबर
आमच्या ठाण्यात काल पहाटे पारा २० वर आला. शेजारच्या काकांनी कानटोपी चढवली, सोसायटीत शेकोटीवरून वाद झाला. आमच्याही मनाची तब्येत सांभाळा कुणीतरी.
(शेवंतीताई, दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

औलू_सायकलवाला | १६ नोव्हेंबर
@चकलीसम्राट, त्यांना खरोखरचाच दिवा घ्यायला सांगणार होतो, तेवढ्यात तुम्ही बाजी मारलीत.

शेवंती, फिनलंडमध्ये औलूला आहे मी. तुमच्याहून बराच उत्तरेला. २१ डिसेंबरला आमच्याकडे सूर्य साडेदहाच्या सुमारास उगवतो आणि दोनला मावळतो. उगवतो म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरून सरपटत जातो, एवढंच. पहिल्या वर्षी माझंही तुमच्यासारखंच झालं होतं. फिनिश सहकाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "नोव्हेंबरात आम्ही सगळेच असे असतो, म्हणून नोव्हेंबरात कुणी कुणाला काही विचारत नाही." हा त्यांच्या हिशेबाने दिलासा होता.

माझा एकच नियम: जेवणाच्या सुट्टीत बाहेर. पाऊस, बर्फ, उणे वीस, काही असो. इथे सायकलचे रस्ते पहाटेच साफ करतात, शाळेतली पोरंसुद्धा बर्फातून सायकलवर जातात, त्यामुळे माझी सबब चालत नाही. ढगाळ दुपारी बाहेर जो उजेड असतो तो घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, कारण डोळे लगेच जुळवून घेतात. फोनवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं ॲप टाकून बघा, ढोबळ आकडे देतं पण डोळे उघडतात. आमच्या बैठकीत दीडशे लक्स होतं. बाहेर, करड्या आभाळाखाली, दोन हजारांच्या वर.

खडूस_काका | १७ नोव्हेंबर
वाचून करमणूक झाली. आम्ही १९७८ साली अमेरिकेत मिनियापोलिसला गेलो तेव्हा ना ॲप होतं ना दिवा. भारतात फोन लावायचा तर आधी खर्चाचा हिशेब करायचा. पत्राला उत्तर यायला महिना. १९९१ च्या ऑक्टोबरअखेरीस जे हिमवादळ आलं त्यात दोन फुटांहून जास्त बर्फ पडला, गाड्या गाडल्या गेल्या. आम्हाला नैराश्य यायला वेळच नव्हता, फावडं हातात होतं.

आजकाल प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव द्यायचं आणि मग त्यावर यंत्र विकायचं. हिवाळा आहे. जाईल.

निशाचर | १७ नोव्हेंबर
काका, फावडं हातात होतं म्हणजेच तुम्ही रोज सकाळी तासभर बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उजेडात व्यायाम करत होतात. यंत्राशिवाय उपचार चालू होता तुमचा. :)

डॉक_मृदुला | १७ नोव्हेंबर
मी मनोविकारतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला काम केलं, आता पुण्यात. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण धाग्यात काही गोष्टी स्पष्ट असलेल्या बऱ्या.

काका, आजाराचं नाव आजकालचं नाही. १९८४ साली अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी हे ऋतूबरोबर येणारं-जाणारं नैराश्य पहिल्यांदा नीट वर्णन केलं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेतले, जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला आले आणि हिवाळ्यात स्वतःच ढेपाळायला लागले. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसाला ते आधी दिसलं यात मला नवल वाटत नाही.

नेहमीच्या नैराश्यात बहुतेकांची झोप आणि भूक कमी होते. यात बऱ्याचदा उलटं: झोप वाढते, पिठूळ-गोड खावंसं वाटतं, वजन वाढतं, हातपाय जड होतात. म्हणूनच लोक आणि त्यांचे घरचे त्याला आळस समजतात. "मला दुःख तर होत नाहीये" असं म्हणणारे खूप भेटतात.

कारण थोडक्यात. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की ज्यांचं मुख्य काम चित्र बघणं नसून उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे आहे. त्या सापडल्या २००२ च्या सुमारास, म्हणजे तशा अलीकडेच. सकाळी पुरेसा उजेड मिळाला नाही की ते घड्याळ मागे रेंगाळतं. शरीर आठ वाजता उठलेलं असतं, पण आतून अजून पहाट असते.

दिव्याबद्दल: १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळलेला, मोठ्या पडद्याचा. उठल्यावर पहिल्या तासाभरात, साधारण अर्धा तास. अंतर कंपनीने दिलेलं पाळायचं, कारण "१०,००० लक्स" हा आकडा त्या अंतरापुरताच असतो. स्वस्तातले छोटे दिवे तो आकडा नाकाला टेकवल्यावरच देतात. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही, शेजारी ठेवून चहा प्यायचा, वाचायचं. संध्याकाळी वापरलात तर झोपेचं खोबरं होईल. गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

आणि हे महत्त्वाचं. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कुणाला कधी उन्मादाचा, म्हणजे बायपोलर त्रास झालाय, ज्यांना डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे (मधुमेहामुळे झालेलासुद्धा), किंवा जे उन्हाची ॲलर्जी वाढवणारी औषधं घेतात, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय दिवा लावू नये.

शेवंती, दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज असं वाटत असेल तर दवाखान्यात जा. जाल तेव्हा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ आणि डी जीवनसत्त्व तपासायला सांगा. आपल्या बायकांत यांतलं काहीतरी बऱ्याचदा कमी असतं, आणि थकवा सारखाच दिसतो.

पुराव्यानिशी | १८ नोव्हेंबर
डॉक्टर, एक शंका. स्वीडनमध्येच पूर्वी इस्पितळांत पांढऱ्या भिंतींच्या, प्रखर दिव्यांच्या खोल्या होत्या, लोक पांढरे झगे घालून सकाळी तिथे बसायचे. २००७ मध्ये तिथल्या सरकारी मूल्यमापन संस्थेने म्हटलं की याचा उपयोग होतो असा पुरेसा पुरावा नाही. मग आपण इथे खात्रीने का सांगतोय? दिवा पेटलेला आहे की नाही हे रुग्णाला दिसतंच, मग खोटा दिवा देऊन तुलना करणार कशी?

डॉक_मृदुला | १८ नोव्हेंबर
रास्त शंका. खोटा दिवा ही अडचण खरीच आहे. पण "पुरेसा पुरावा नाही" म्हणजे "उपयोग नाही" असं नव्हे. त्याच सुमारास, २००६ मध्ये, कॅनडातला एक अभ्यास आला. ९६ रुग्ण, निम्म्यांना खरा दिवा आणि खोटी गोळी, निम्म्यांना मंद दिवा आणि नैराश्याची खरी गोळी. दोन्ही गटांत सारखेच, ६७ टक्के लोक सुधारले. म्हणजे दिवा गोळीपेक्षा कमी पडला नाही.

मला त्याहून रंजक वाटतो तो अमेरिकेत व्हरमाँटमधल्या केली रोहन यांचा अभ्यास. एका गटाला दिवा, दुसऱ्याला फक्त बोलण्याचे उपचार: हिवाळ्याबद्दलचे विचार तपासणं, अंथरुणात दडून न बसता ठरवून काहीतरी करणं. त्या हिवाळ्यात दोन्ही गट सारखेच सुधारले. पण दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात दिवेवाल्यांपैकी साधारण ४६ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, बोलण्याच्या उपचारवाल्यांपैकी २७ टक्क्यांना. कारण दिवा दर वर्षी कपाटातून काढावा लागतो, आणि लोक काढत नाहीत.

एडमंटनचा_बंड्या | १८ नोव्हेंबर
वाचतोय. लोक इथे दोन गोष्टींची भेळ करताहेत. थंडी वेगळी, अंधार वेगळा.

कॅनडात एडमंटनला उणे तीस होतं. नाकातले केस गोठतात. गाडीला रात्री वायर लावून इंजिन ऊबदार ठेवावं लागतं, नाहीतर सकाळी हलत नाही. पण आभाळ निळंशार आणि बर्फावर ऊन असं चकाकतं की गॉगल लावावा लागतो. माझी बहीण व्हँकुव्हरला. तिच्याकडे थंडी आमच्या तुलनेत किरकोळ, दिवसही आमच्याहून मोठा, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी नुसतं पाऊस आणि करडं आभाळ. आमच्या दोघांत जास्त कोण खचतं? ती. दर वर्षी.

तेव्हा थंडीला कपडे आणि अंधाराला उजेड, असा माझा साधा हिशेब. कपड्यांत कंजुषी करू नका. आईने दिलेला स्वेटर आणि वर एक जाड जाकीट हा आपला देशी प्रकार इथे चालत नाही. आत लोकरीचा पातळ थर, मध्ये फ्लीस, बाहेर वारा अडवणारं. आणि बुटाला लावायचे काटे घ्या. पडून मनगट मोडलं की मग मनाची तब्येत राहू द्या बाजूला.

दिवा लगेच विकत घ्यायची गरज नाही. आमच्याकडे ग्रंथालयात असे दिवे ठेवलेत, टोरांटोच्या ग्रंथालयातही काही शाखांत आहेत. पुस्तक घ्या आणि समोर बसा. फुकट. पुणेकरांनी नोंद घ्यावी.

चकलीसम्राट | १८ नोव्हेंबर
फुकट दिवा, वर पुस्तक, वर हीटर. बंड्या, तिथे चहा पण देतात का? मग मी विसाच्या कामाला लागतो.

बोरकूट | १९ नोव्हेंबर
अवांतर: स्वीडनमध्येच ऊमियो नावाच्या गावात २०१२ साली वीज कंपनीने बसथांब्यांवर असे उजेडाचे दिवे लावले होते. बसची वाट बघता बघता उपचार. आणि नॉर्वेत रूकान म्हणून एक दरीतलं गाव आहे. तिथे सप्टेंबरपासून मार्चपर्यंत ऊन खाली पोचतच नाही, म्हणून २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवून चौकात ऊन पाडलं. कल्पना शंभर वर्षांपूर्वीची. तेव्हा जमली नाही म्हणून लोकांना उन्हात न्यायला रोपवे बांधला.

अति-अवांतर: लोकमान्यांनी १९०३ मध्ये मांडलं होतं की वेदांतल्या त्या लांबच लांब उषा उत्तर ध्रुवाजवळच्या आहेत, आपले पूर्वज तिथलेच. अभ्यासक आता ते मानत नाहीत, पण शेवंतीताई, स्टॉकहोमला तुम्ही माहेरी आला आहात असं समजा.

पुराव्यानिशी | १९ नोव्हेंबर
आणि मग तिथून सगळे उठून सिंधूकाठी का आले, याचं उत्तर या धाग्यात मिळालंच.

खडूस_काका | १९ नोव्हेंबर
हे मात्र पटलं.

आंबोलीकर | १९ नोव्हेंबर
आमचो हिवाळो नाय, पण पावसाळो आसा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत धुकं घरात शिरतं, भिंतींना ओल, चपलांना बुरशी, कपडे चुलीवर वाळवायचे आणि धुराच्या वासासकट घालायचे. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. बाहेरून नोकरीला आलेले मास्तर, फॉरेस्टवाले पहिल्या ऑगस्टात बदलीचा अर्ज करतात.

गावातली माणसं नाही करत. मी विचार केला, का? एक तर आगोटीची कामं. मे महिन्यात लाकूड, सुकी मासळी, तांदूळ, कुळीथ सगळं भरून ठेवायचं. पाऊस लागला की बसून काळजी करण्यासारखं काही उरत नाही. दुसरं, पुढचे चार महिने आधीच वाटून ठेवलेले असतात. लावणी, नागपंचमी, श्रावणातली भजनं, गोकुळाष्टमी, मग गणपती. आज इच्छा आहे का, असं कुणी विचारत नाही. भजनाला जायचं म्हणजे जायचं, टाळ हातात देतात. परदेशात तुम्हाला तुमची आगोट आणि तुमची भजनं स्वतःच ठरवावी लागतील, असं वाटतं. सप्टेंबरातच.

निशाचर | २० नोव्हेंबर
आंबोलीकर, "आज इच्छा आहे का असं कुणी विचारत नाही" याला प्रचंड अनुमोदन.

मी स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला नर्स. रात्रपाळी असेल तर डिसेंबरात मी पूर्ण आठवडा दिवसाचा उजेड बघत नाही, कारण जो काही साडेसहा तास असतो तेव्हा मी पडदे लावून झोपलेली असते. मला दिव्याचा उपयोग होतो, पण पाळीप्रमाणे वेळ बदलावी लागते. उठल्यावर लावायचा, मग ते दुपारचे चार का असेनात. ड्यूटीवरून येताना मुळीच नाही.

डी जीवनसत्त्वाबद्दल एक गैरसमज वॉर्डातसुद्धा ऐकते. दिव्यासमोर बसून डी मिळत नाही! त्यातले अतिनील किरण काढलेलेच असतात. आणि इतक्या उत्तरेला ऑक्टोबर ते मार्च उन्हात बसूनही मिळत नाही, सूर्य फार खाली असतो. इथली आरोग्यसेवा हिवाळ्यात सगळ्यांनाच रोज १० मायक्रोग्रॅम घ्या म्हणते, सावळ्या कातडीच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा म्हणते. हाडांसाठी ते घ्याच. पण त्याने मन ताळ्यावर येईल अशी आशा ठेवू नका. आणि भारतातून आणलेली ६०,००० युनिटची पुडी मनाने रोज घेऊ नका. अशी एक पेशंट बघितली आहे मी.

माझा खरा सल्ला: भारतात दिवाळीला जाऊ नका, जानेवारीअखेर जा. तिकीटही स्वस्त.

एडमंटनचा_बंड्या | २० नोव्हेंबर
निशाचर, याला कडाडून विरोध. एकदा जानेवारीत गेलो होतो. सांगलीत हुरडा, कोवळं ऊन, गच्चीवर गप्पा. फेब्रुवारीत परत आलो तेव्हा विमानतळावरच वाटलं की परत फिरावं. मार्चअखेरपर्यंत वैतागलो होतो. मध्येच तोंड गोड केलं की उरलेलं जेवण जास्त कडू लागतं.

निशाचर | २० नोव्हेंबर
मला तेवढ्या तीन आठवड्यांच्या आशेवर अख्खा डिसेंबर काढता येतो. माणसामाणसात फरक.

तिळातिळाने | २१ नोव्हेंबर
माझा मामा १९९० च्या दशकात अंटार्क्टिकाला मैत्री या आपल्या तळावर हिवाळाभर राहिला होता. तिथे जवळजवळ दोन महिने सूर्य उगवत नाही, आणि जहाज परत गेलं की उन्हाळ्यापर्यंत कुणी येत नाही. मोजकी माणसं, तीच तोंडं.

तो सांगायचा, अंधाराची सवय होते, माणसांची होत नाही. त्यांच्या म्होरक्याचा एकच हट्ट होता: रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, दाढी करून. कितीही भांडण झालं असलं तरी ताट खोलीत न्यायचं नाही. ज्याने पहिल्यांदा "मला भूक नाही, तुम्ही जेवा" म्हटलं, त्याच्यावर डॉक्टर लक्ष ठेवायचा. स्वयंपाक आणि सफाईची पाळी शास्त्रज्ञांसकट सगळ्यांना. आणि २१ जूनला, म्हणजे तिथल्या हिवाळ्याच्या मध्यावर, सगळ्या देशांचे तळ मेजवानी करतात, एकमेकांना शुभेच्छा पाठवतात. मामाने त्या दिवशी पुरणपोळी केली होती. फाटली म्हणे, पण शेजारच्या तळावरच्या रशियन लोकांना आवडली.

खडूस_काका | २१ नोव्हेंबर
हा धागा वाटला होता त्यापेक्षा बरा चाललाय, म्हणून लिहितो.

आमच्या वेळी मिनियापोलिस परिसरात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एका वहिनींनी ठरवलं की ऑक्टोबर ते होळी, दर रविवारी दुपारी एका घरी जेवण. पिठलं-भातच करायचा, पक्वान्न केलं तर दंड. का, तर मग बायका दमतात आणि चढाओढ लागते. बर्फ असो, वारा असो, जायचं. न आलेल्या घरी चार जण गाडी घेऊन बघायला जायचे, की बाबा काय झालं. हे बरीच वर्षं चाललं. त्या वहिनी शिकलेल्या किती मला माहीत नाही, पण वरचा व्हरमाँटचा अभ्यास त्यांनी आधीच केला होता.

शेवंतीबाई, तुमच्या लिहिण्यात अंधारापेक्षा एकटेपण जास्त दिसतं मला. नवरा ऑफिसात, मूल शाळेत, तुम्ही चार भिंतींत. पुण्यात भर उन्हात हेच केलं तरी माणूस झोपूनच राहील. दिवा घ्यायचा तर घ्या, पण दारही उघडा.

बोरकूट | २१ नोव्हेंबर
काकांना +१. (ही वेळ येईल असं वाटलं नव्हतं.)

शेवंती | २२ नोव्हेंबर
सगळ्यांचे आभार. खूप वेळा वाचलं. काका, तुमचा शेवटचा प्रतिसाद लागला. बरोबर आहे म्हणूनच लागला असेल. नागपूरला मी शाळेत शिकवत होते, दिवसाला दोनशे पोरं "मॅडम मॅडम" करायची.

दवाखान्यात वेळ घेतली आहे. ११७७ ला (इथली आरोग्य-सल्ल्याची फोनसेवा) फोन केला होता, त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, इंग्रजीत.

डॉक_मृदुला | २२ नोव्हेंबर
छान केलंत. धागा बरेच जण वाचताहेत म्हणून लिहून ठेवते. जगणं नकोसं वाटत असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हिवाळा संपायची वाट बघायची नाही. भारतात टेली-मानस १४४१६, ब्रिटनमध्ये ११६ १२३, अमेरिका आणि कॅनडात ९८८, युरोपात तातडीला ११२. मराठीतून बोलायचं असेल तर टेली-मानसवर बोलता येतं.

लिनशॉपिंगची_लेक | ३ डिसेंबर
उशिरा आले. शेवंती, स्वीडनमध्ये मला नऊ वर्षं झाली, स्थानिक माहिती देते.

स्थलांतरितांसाठीचे स्वीडिश भाषेचे वर्ग फुकट असतात, नोंदवले नसतील तर उद्या नोंदवा. सकाळचे घ्या, ऑनलाइन घेऊ नका. ठरलेल्या वेळी घराबाहेर पडणं हाच निम्मा फायदा. दुसरं, गाण्याचा गळा असो-नसो, समूहगानात जा. इथे गावोगावी गटागटाने गाणारी मंडळं आहेत आणि शेजाऱ्याला लिफ्टमध्ये न बोलणारा स्वीडिश माणूस तिथे हसतो-बोलतो. मला "गुड मॉर्निंग"च्या पलीकडची पहिली मैत्रीण तिथेच मिळाली. ल्युसियाला, १३ डिसेंबरला, पहाटे अंधारात मेणबत्त्या घेऊन पोरं गातात. मुलाच्या शाळेत असेल तर चुकवू नका.

आणि एक खगोलशास्त्रीय गाजर. सर्वांत लहान दिवस २१ डिसेंबर, पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या आठवडाभर आधीच होऊन जातो. म्हणजे ल्युसियानंतर संध्याकाळ हळूहळू लांबायला लागते. सकाळ मात्र वर्षअखेरीपर्यंत उशिराच होत जाते. मी संध्याकाळचं तेवढं बघते, सकाळच्या वेळी डोळे मिटून घेते.

चकलीसम्राट | ३ डिसेंबर
सकाळी डोळे मिटून घ्यायचे या उपचाराला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

दिंडोरी_ते_डब्लिन | १० डिसेंबर
खाण्याबद्दल कुणीच बोललं नाही? मराठी धागा आणि तीन आठवडे डिंकाचे लाडू निघाले नाहीत?

निशाचर | १० डिसेंबर
आईने पाठवले होते. मूड होता तिथेच राहिला, युनिफॉर्म मात्र शिवून मोठा करावा लागला.

औलू_सायकलवाला | ११ डिसेंबर
खाण्यापेक्षा सौनाबद्दल बोला. फिनलंडमध्ये पंचावन्न लाख माणसं आणि तीस लाखांच्या आसपास सौना. आमच्या इमारतीत तळघरात आहे, आठवड्याला एक तास आमचा ठरलेला. पहिल्यांदा संकोच वाटला, आपल्याला कुठे सवय. आता शुक्रवारचा तो तास मी कुणाला देत नाही. शास्त्र वगैरे डॉक्टर सांगतील. मला एवढंच कळतं की त्या रात्री झोप लागते.

डॉक_मृदुला | ११ डिसेंबर
शास्त्र नाही सांगत. शुक्रवार सोडू नका.

शेवंती | १७ जानेवारी
मंडळी, संक्रांतीच्या उशिरा शुभेच्छा. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं म्हणून लिहिते.

लोह आणि डी दोन्ही कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. तिथल्या डॉक्टरने दिवा वापरून बघायला हरकत नाही म्हटलं. सकाळी तो लावून चहा पिते. जाग लवकर येते, दुपारची झोप गेली, हा फरक नक्की. संध्याकाळी पाच ते आठ मात्र अजून जड जातात, त्यावर दिव्याचा काही उपाय नाही.

भाषेच्या वर्गात एक सीरियन बाई आहे, हलबची, म्हणजे अलेप्पोची. तिला इंग्रजी येत नाही, मला अरबी. दोघींचं मोडकंतोडकं स्वीडिश चालतं. काकांचा रविवारचा नियम आम्ही उचलला: किस्तातली चार मराठी घरं आणि ती. पिठलं-भात. तिला पिठलं आवडलं नाही, ठेचा आवडला. मागच्या रविवारी मला उठावंसं वाटत नव्हतं, जेवण आमच्याच घरी होतं, म्हणून उठावं लागलं. बरं आहे असं म्हणणार नाही. नोव्हेंबरपेक्षा बरं आहे.

आंबोलीकर | १७ जानेवारी
पक्वान्नाचो दंड कितको ठेवलास?

शेवंती | १७ जानेवारी
पुढच्या रविवारची भांडी. एकीने शिरा केला होता, घासतेय बिचारी.

खडूस_काका | १८ जानेवारी
आमच्याकडे एक डॉलर होता. भांडी जास्त चांगलं.

वॉटर्लूचा_विनू | २ फेब्रुवारी
नमस्कार, नवीन सभासद. एवढा मोठा धागा वाचायला वेळ नाही. दिवा कधी लावायचा, सकाळी की रात्री? आणि तो लावून गेम खेळलं तर चालतं का?

पुराव्यानिशी | २ फेब्रुवारी
डॉ. मृदुलांचा पहिला प्रतिसाद वाच. सकाळी. गेम चालेल, पण रात्री तीनपर्यंत खेळून सकाळी दिवा लावणार असशील तर घड्याळ बिचारं काय करेल?

खडूस_काका | २ फेब्रुवारी
विनू, वेळ नाही म्हणतोस आणि गेम खेळतोस. असो. डॉक्टरीणबाई, एप्रिलमध्ये मी पुण्याच्या उन्हाळ्यावर असाच धागा काढणार आहे. ४१ अंशांत माझं कुणाशीच पटत नाही. त्यावर काही यंत्र आहे का?

डॉक_मृदुला | ३ फेब्रुवारी
काका, उन्हाळ्यात येणारं नैराश्यही असतं, कमी लोकांना होतं. त्यात झोप-भूक कमी होते, चिडचिड वाढते. पण तुम्ही हिवाळ्यातही असेच असता, म्हणून निदान थोडं कठीण आहे.